रिपोर्ट करणे म्हणजे चहाडी नव्हे

वाचकहो, या सदरात आपण आजवर मधुमेह, रक्तदाब, मुलांचे जंत, म्हातारपणीचे गुडघे अशा विषयांवर बोलत आलो. आजचा विषय पाहून काहींना वाटेल, डॉक्टरांना आता मोबाईलवरचे गेमही कळू लागले की काय! कळत नव्हते, हेच खरे. पण गेल्या काही महिन्यांत दोन प्रसंग असे घडले की ते समजून घेणे मला भाग पडले. एक प्रसंग दवाखान्यातला आहे आणि दुसरा माझ्या स्वतःच्या घरातला.

पहिला प्रसंग असा. सातवीतल्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखते, रात्री झोप लागत नाही, जेवणावरची वासना उडाली आहे, ही तक्रार. जंताचे औषध देऊन झाले होते, रक्त-लघवी तपासून झाली होती, मोठ्या गावी जाऊन सोनोग्राफीही झाली होती. सगळे व्यवस्थित. रविवारी मात्र पोट दुखत नसे. अनुभवी डॉक्टरला एवढे पुरते. मी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले आणि मुलाशी क्रिकेटच्या, शाळेच्या गप्पा सुरू केल्या. वीस मिनिटांनी तो रडायला लागला.

तो मोबाईलवर चौघांची टोळी करून खेळायचा तो गेम खेळत असे. टोळीत अनोळखी मुले येत. कानाला हेडफोन, त्यामुळे एकमेकांचे बोलणे ऐकू येते. एकदा त्याच्या चुकीने डाव हरला. त्या दिवसापासून तिघे जण त्याच्या मागे लागले. आईबहिणीवरून शिव्या, आणि नंतर धमकी, "कुठल्या शाळेत आहेस ते माहीत आहे, गेटवर भेट." बोलण्याच्या ओघात शाळेचे नाव त्यानेच कधीतरी सांगितले होते. आता शाळेच्या फाटकाशी उभा असलेला प्रत्येक मोठा मुलगा त्याला त्या तिघांपैकी वाटे. पोट दुखत होते ते त्यामुळे, आणि ते खरोखर दुखत होते. मनावरचा ताण आतड्यांना कळतो, हे मी या सदरात पूर्वीही लिहिले आहे.

मी विचारले, "घरी का नाही सांगितलेस?" तो म्हणाला, "पप्पांनी मोबाईल काढून घेतला असता."

"मग त्या गेममध्ये तक्रार करायची काही सोय नाही का?"

"आहे ना. रिपोर्टचं बटण आहे. पण रिपोर्ट मारला की सगळे चहाडखोर म्हणतात. आणि कोण बघतंय तिकडे?"

त्याच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मलाही ठाऊक नव्हते. कोण बघते? कसे बघते? बघून काय करते? औषधाच्या कपाटात एक बाटली आहे, पण तिच्यात काय आहे हे आपल्याला माहीत नाही आणि मुलालाही माहीत नाही, अशी ही स्थिती. म्हणून मी चौकशीला लागलो.

दुसरा प्रसंग सांगायला थोडा संकोच वाटतो. सुट्टीत पुण्याला मुलाकडे गेलो होतो. नातू अकरावीत आहे. एका संध्याकाळी तो चिडून म्हणाला, "आजोबा, माझं चॅट चौदा दिवस बंद केलं त्यांनी!" म्हणजे खेळायला हरकत नाही, पण गेममध्ये कोणाशी बोलता येणार नाही. मी लगेच नातवाची बाजू घेतली. कुठली तरी परदेशातली कंपनी, तिला आपल्या मुलांची काय पारख, वगैरे बोललो. सूनबाई हसून म्हणाल्या, "आधी काय लिहिलं होतं ते तर विचारा." बऱ्याच आढेवेढ्यांनंतर त्याने मोबाईल पुढे केला. कंपनीने शिक्षेबरोबर त्याचेच शब्द, वेळेसकट, त्याला पाठवले होते. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. घरात कोणी कधी उच्चारली नाही अशी ती भाषा होती. ज्याला उद्देशून ती लिहिली होती तो कोण, कुठला, किती वर्षांचा, हे नातवाला ठाऊक नव्हते. कदाचित तो माझ्या दवाखान्यातल्या मुलाएवढाच असेल.

नातू खाली मान घालून म्हणाला, "समोर असता तर नसतो बोललो."

त्या दिवशी त्याचे घटक चाचणीचे गुण आले होते, वडिलांचे बोलणे बसले होते आणि वर तो सलग तीन डाव हरला होता. हा तपशील लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

बटण दाबल्यावर काय होते

ज्या वाचकांनी हे गेम पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. आपल्याकडे बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स असे गेम मुले खेळतात. इंटरनेटवरून एकाच डावात अनेक जण असतात. बीजीएमआयच्या मोठ्या डावात तर शंभर. सोबती आणि विरोधी दोघेही बहुधा अनोळखी. लिहून किंवा बोलून संपर्क ठेवता येतो. जिथे अनोळखी माणसे चुरशीने खेळतात तिथे भांडण होणारच. गल्लीतल्या क्रिकेटमध्येही होते. फरक एवढाच, की गल्लीत कोपऱ्यावर एखादे काका उभे असतात आणि ते मुलाच्या वडिलांना ओळखतात. गेममध्ये तो काका नसतो, म्हणून कंपनीला तो नेमावा लागतो.

मुलाच्या हातात तीन साधने असतात आणि त्यांतला फरक पालकांनीही समजून घ्यावा. पहिले 'म्यूट'. याने समोरच्याचा आवाज किंवा लिखाण आपल्यापुरते बंद होते. हे वेदनाशामक गोळीसारखे आहे, आराम ताबडतोब पडतो पण आजार तसाच राहतो. दुसरे 'ब्लॉक'. त्या व्यक्तीने आपल्याशी पुन्हा संपर्क करू नये यासाठीची ही सोय. तिसरे 'रिपोर्ट', म्हणजे रीतसर तक्रार. हा मूळ आजारावरचा उपाय, तो सावकाश लागू पडतो आणि त्याचा फायदा आपल्यापेक्षा पुढच्या मुलाला जास्त होतो.

रिपोर्टचे बटण दाबले की कारण विचारले जाते. शिवीगाळ, धमकी, अश्लील बोलणे, फसवून खेळणे, मुद्दाम हरणे, असे पर्याय असतात. मोठ्या गेममध्ये तक्रार येते तेव्हा तिच्यासोबत त्या डावाची नोंद असते. कोण काय लिहून गेला, कसा खेळला, हे कंपनीच्या संगणकांवर साठलेले असते. तक्रारी इतक्या येतात की प्रत्येक तक्रार माणसाने वाचणे शक्य नसते. म्हणून पहिली चाळणी यंत्राची. उघड शिव्या किंवा उघड फसवणूक यंत्रच पकडते. गुंतागुंतीची प्रकरणे माणसांपुढे जातात. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जसे आधी केसपेपर, मग तपासणी, मग गरज पडल्यास मोठे डॉक्टर, तसाच हा क्रम.

शिक्षेतही पायऱ्या असतात. आधी ताकीद, मग काही दिवस बोलण्यावर बंदी, मग काही दिवस खेळण्यावर बंदी आणि अगदी शेवटी आयडी कायमची बंद. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सने २०२३ च्या ऑगस्टमध्ये गुणांची पद्धत आणली. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार एक किंवा अधिक 'स्ट्राइक' मिळतात आणि आठ झाले की वर्षभर इतर खेळाडूंशी संबंध ठेवण्याच्या सोयी बंद होतात. ज्याची तक्रार झाली त्याला तक्रार कोणी केली हे सहसा कळवले जात नाही. ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी, कारण पुष्कळ मुले केवळ याच भीतीने बटण दाबत नाहीत.

एका पंचायतीची गोष्ट

या सगळ्या वाचनात मला सर्वांत बोधप्रद वाटली ती अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या रायट गेम्स या कंपनीची हकिकत. तिचा 'लीग ऑफ लेजंड्स' हा गेम २००९ साली आला. पाच विरुद्ध पाच, आणि एक जरी चुकला तरी चौघांचा डाव बुडतो, असा हा खेळ. साहजिकच शिवीगाळ फार. इतकी, की लोक खेळ सोडून जाऊ लागले तर काय, ही चिंता कंपनीला पडली.

२०११ साली तिने एक पंचायतच बसवली. नाव 'ट्रायब्यूनल'. ज्याच्याविरुद्ध वारंवार तक्रारी आल्या त्याचे प्रकरण इतर अनुभवी खेळाडूंपुढे ठेवले जाई. त्याने काय काय लिहिले, तो कसा खेळला, तक्रारी काय आहेत, हे सगळे कागद समोर. वाचून प्रत्येकाने मत द्यायचे, शिक्षा की माफी. कल्पना आपल्याला परकी नाही. गावातल्या चार शहाण्यांनी ऐकून घेऊन निवाडा करण्यासारखेच ते होते. पण एक दोष राहिला. निकालाला फार वेळ लागे. आज केलेल्या चुकीची शिक्षा बऱ्याच दिवसांनी मिळाली, तर मुलाला चूक आठवत नाही, फक्त शिक्षा आठवते. २०१४ साली ही पंचायत बंद झाली. २०१५ साली कंपनीने नवी स्वयंचलित पद्धत आणली. तिचा उद्देश असा, की डाव संपल्यापासून साधारण १५ मिनिटांत निर्णय कळावा आणि सोबत पुरावाही दिसावा.

याच काळात जेफ्री लिन नावाचे, मेंदूविज्ञानाचा अभ्यास केलेले तज्ज्ञ कंपनीत खेळाडूंच्या वर्तणुकीचे काम पाहत होते. त्यांच्या पथकाला जे आढळले ते प्रत्येक पालकाने वाचावे असे आहे. त्यांचा शोध सुरू झाला तो मूठभर गुंड हुडकून त्यांना बाहेर काढावे या अपेक्षेने. सतत वाईट वागणारे खेळाडू निघाले शंभरात एखादा. आणि एकूण घाणीत त्यांचा वाटा थोडाच निघाला. बाकीची बहुतेक शिवीगाळ एरवी नीट वागणाऱ्या, साध्या खेळाडूंकडून होत होती. त्यांचा तो दिवस वाईट गेलेला असे, इतकेच.

माझा नातू मला इथे भेटला. घटक चाचणीचे गुण, वडिलांचे बोलणे, तीन डाव हरणे. तो गुंड नव्हता. त्याचा दिवस वाईट होता. पण ज्याला ते शब्द ऐकावे लागले त्याला हे कसे कळणार? शंभर चांगल्या मुलांनी वर्षातला एकेक वाईट दिवस एखाद्या लहान मुलावर काढला, तर त्या लहान मुलाचे वर्षातले शंभर दिवस वाईट जातील.

लिन यांच्या पथकाने आणखी दोन गोष्टी करून पाहिल्या. एक, शिक्षेबरोबर कारण आणि त्या खेळाडूचे स्वतःचे शब्द त्याला दाखवले. नुसती शिक्षा केली तेव्हापेक्षा सुधारणाऱ्यांचे प्रमाण वाढले. दुसरी तर फारच साधी. विरुद्ध संघाशी बोलण्याची सोय आधीपासून चालू असे, ती त्यांनी आधीपासून बंद ठेवली. ज्याला हवी त्याने एक बटण दाबून चालू करावी. सोय काढून घेतली नाही, फक्त मध्ये एक पायरी ठेवली. वाईट बोलणे सुमारे एकतृतीयांशाने घटले आणि चांगले बोलणे तितक्याच प्रमाणात वाढले. रागाच्या भरात माणूस पायरी चढायला थांबला की राग थोडा उतरतो. आपल्याकडे रागावल्यावर दहा अंक मोजायला सांगतात ते काय वेगळे आहे? वैद्यकशास्त्रही हेच सांगते. मेंदूच्या पुढच्या भागात आवर घालण्याची शक्ती असते आणि तो भाग विशीतही पक्का होत असतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला इंजिन मोठे मिळालेले असते, ब्रेक अजून बसायचा असतो. त्याला रस्त्यात गतिरोधक हवाच.

खोटी तक्रार हाही आजारच

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डाव हरला की चिडून समोरच्याची तक्रार ठोकणारी मुले थोडी नाहीत. माझ्यापेक्षा चांगला खेळला म्हणजे नक्की फसवतो, असा त्यांचा न्याय. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने 'काउंटर-स्ट्राइक' गेमसाठी २०१३ पासून एक व्यवस्था चालवली. तीत अनुभवी खेळाडू संशयिताच्या खेळाचे चित्रण पाहून निर्णय देत. संशयिताचे नाव झाकलेले असे, म्हणजे ओळखदेख, वैर काही मध्ये येत नसे. त्याच कंपनीच्या अभियंत्याने २०१८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत सांगितले, की खेळाडूंच्या तक्रारींवरून आलेल्या प्रकरणांपैकी १५ ते ३० टक्क्यांतच संशयित दोषी ठरे. म्हणजे बऱ्याच तक्रारी एक तर चुकीच्या तरी होत्या किंवा पुराव्यावाचूनच्या.

दवाखान्यात दहा जण विनाकारण 'इमर्जन्सी' म्हणून पुढे घुसले तर खरा अत्यवस्थ रुग्ण मागे राहतो. तक्रारीचेही तसेच आहे. म्हणून मुलांना सांगावे, की हरलो म्हणून रिपोर्ट करायचा नाही. दादाच्या शब्दाखातर, सगळ्या मित्रांनी मिळून एकाला 'उडवण्यासाठी' तर मुळीच नाही. तो रिपोर्ट राहत नाही, तो छळच होतो. चहाडी आणि तक्रार यांतला फरक हाच. चहाडी दुसऱ्याला खाली ओढण्यासाठी असते, तक्रार कोणाचे तरी रक्षण करण्यासाठी.

यंत्राला मराठी शिवी कळते का?

आता या व्यवस्थेच्या मर्यादा. लिहिलेले शब्द उरतात, बोललेले हवेत विरतात. म्हणून आवाजातून होणारा छळ पकडणे फार अवघड. मोठ्या कंपन्यांनी त्यावर अलीकडे काम सुरू केले आहे. रायटने 'व्हॅलोरंट' या गेममध्ये २०२२ च्या जुलैत बोलणे नोंदवून तपासण्याची तयारी सुरू केली. 'कॉल ऑफ ड्यूटी' या गेमने २०२३ च्या ऑगस्टमध्ये बोलण्यावर लक्ष ठेवणारे यंत्र बसवायला घेतले. ते यंत्र संशयास्पद बोलणे हेरून कळवते, शिक्षा करत नाही. पण दोन्ही ठिकाणी सुरुवात झाली ती उत्तर अमेरिकेत आणि इंग्रजी भाषेत. आपल्या मुलांची शिवी मराठीत असते, हिंदीत असते, कित्येकदा इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी असते. प्रत्येक जिल्ह्याची तऱ्हा आणखी निराळी! जो शब्द यंत्राच्या यादीत नाही तो चाळणीतून सुटतो. जे गेम आपल्याकडे खेळतात आणि आपल्याकडून पैसे मिळवतात, त्यांनी आपल्या भाषा जाणणारी माणसे या कामावर ठेवली पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पेशंटची भाषा न कळणाऱ्या डॉक्टरने तपासल्यासारखे होऊन उपयोगाचे नाही.

दुसरी मर्यादा अशी, की कंपनीची शिक्षा गेमपुरती. आयडी बंद झाली तरी नवी उघडता येते. त्यामुळे काही गोष्टी गेमच्या रिपोर्टवर सोडून चालणार नाहीत. कोणी प्रत्यक्ष इजा करण्याची धमकी देत असेल, मुलाचे किंवा मुलीचे फोटो मागत असेल, 'घरी सांगू नकोस' म्हणत असेल, भेटायला बोलावत असेल, तर तो खेळातला वाद राहिला नाही, तो गुन्हा आहे. तिथे पोलीस आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. मुलांसाठी मदतीचा क्रमांक १०९८. पैसे गेले असतील तर १९३०. मूल फार खचले असेल तर शासनाची 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हे क्रमांक आजच कापून कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवा.

"मग गेमच बंद करा ना!"

हे वाचून कित्येक पालक म्हणतील, डॉक्टर, इतकी भानगड कशाला, मोबाईलच काढून घेतो. मला तुमचा राग समजतो. गेमचे व्यसन ही खरी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तिचा रोगांच्या यादीत समावेश केला असून ती यादी २०२२ च्या जानेवारीपासून लागू आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला, तेही योग्यच झाले. खेळाला वेळेची मर्यादा हवी, रात्री मोबाईल मुलाच्या खोलीत नको, याबद्दल दुमत नाही.

पण तक्रार घेऊन आलेल्या मुलाचा मोबाईल काढून घेणे ही वेगळी गोष्ट आहे. विचार करा, ज्याने छळ केला तो खेळतोच आहे आणि ज्याचा छळ झाला त्याला शिक्षा झाली. त्यातून मूल एकच धडा घेते, की पुढच्या वेळी सांगायचे नाही. सातवीतल्या त्या मुलाने महिनाभर तोंड मिटून ठेवले ते गुंडांच्या भीतीने नाही, आपल्याच माणसांच्या भीतीने. मुलगी असेल तर ही भीती दुप्पट. "तू तिथे गेलीसच कशाला?" हा पहिला प्रश्न तिला ठाऊक असतो. वाचकहो, गेममधली सगळ्यांत मोठी तक्रारपेटी कंपनीकडे नाही, ती आपल्या घरात आहे. तिचे झाकण आपणच गंजवून ठेवले तर बाहेरची कुठलीही व्यवस्था कामाची नाही.

तेव्हा माझ्या मते पालकांनी एवढे करावे.

मूल सांगायला आले की आधी पूर्ण ऐकावे, मध्ये बोलू नये. "सांगितलेस ते बरे केलेस" हे वाक्य प्रथम यावे.

मुलाच्या शेजारी बसून त्याच्याकडूनच म्यूट, ब्लॉक, रिपोर्ट ही तिन्ही बटणे एकदा पाहून घ्यावीत. शिकवणारा तो आणि शिकणारे आपण, हे चित्र मुलांना फार आवडते.

छळ झाला तर उलट शिवी द्यायची नाही, हे ठरवून ठेवावे. आधी स्क्रीनशॉट, मग म्यूट, मग रिपोर्ट, मग घरी सांगणे. उलट शिवी दिली तर दोघांच्याही नोंदी सारख्याच दिसतात आणि आपली बाजू लंगडी पडते.

खरे नाव, शाळा, गाव, फोन नंबर, फोटो यांतले काहीही गेममध्ये सांगायचे नाही. आयडीच्या नावातही नको.

सलग दोन डाव हरले की मोबाईल खाली ठेवून पाणी प्यायचे. परीक्षेचा निकाल लागला किंवा घरात वाद झाला त्या दिवशी अनोळखी लोकांबरोबर खेळायचेच नाही.

आणि शेवटचे. आपल्या मुलावर बंदी आली तर माझ्यासारखी चूक करू नका. आधी काय लिहिले होते ते वाचा. त्याला मारू नका, पण पाठीशीही घालू नका. त्याचेच शब्द त्याच्याकडून शांतपणे एकदा वाचून घ्या. तेवढे पुरते.

आता त्या सातवीतल्या मुलाचे काय झाले ते सांगतो. मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "डॉक्टर, खरं आहे, मी मोबाईलच काढून घेतला असता." त्या रात्री बापलेकांनी बसून तिघांचाही रिपोर्ट केला. शाळेतल्या सरांच्या कानावर घातले. आठवडाभर वडील स्वतः त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. काही दिवसांनी तिघांपैकी एकावर कारवाई केल्याचा निरोप गेमकडून आला. बाकी दोघांचे काही कळले नाही. ते तिघे कोण, आपल्याच गावातले की हजार मैलांवरचे, हे शेवटपर्यंत समजले नाही. फाटकाशी मात्र कोणीही आले नाही.

परवा तो मुलगा आईबरोबर आला होता. ताप होता, साधा हवापालटाचा. मी पोटावर हात ठेवून विचारले, "इथे कसं आहे?" तो म्हणाला, "दुखलं तर पप्पांना सांगतो आता."

नातवाची चौदा दिवसांची शिक्षाही संपली आहे. त्याने फोनवर सांगितले, की त्या दिवशी ज्याला बोललो त्याला 'सॉरी' म्हणायचे होते, पण तो पुन्हा कुठे सापडलाच नाही. मी म्हटले, "मग आता जो भेटेल त्याच्याशी नीट बोल. तीच त्याची सॉरी."